सीतेची वेणी आपल्या अंगणात: पहिल्यांदा आमरी लावणाऱ्यांसाठी

मे महिना सरत आला की कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर जुन्या आंब्या-फणसांच्या फांद्यांवरून पांढऱ्या-गुलाबी फुलांचे लांबलचक घोस लोंबायला लागतात. हीच सीतेची वेणी, आमरीची म्हणजे ऑर्किडची एक जात. चांगल्या वाढलेल्या रोपाच्या एका घोसात शंभराच्या आसपास फुलं असतात. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट ठिपके आणि मधली जीभ गडद गुलाबी. आसामात हिला कोपौ फूल म्हणतात आणि बिहू नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं हे राज्यफूल आहे. आपल्याकडे मात्र ऑर्किड म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या दुकानातल्या संकरित जातींच्या कुंड्या. त्या सुंदर असतात, पण पहिली आमरी कोणती लावू, असं कोणी विचारलं तर मी सीतेची वेणीच सुचवते. हिचं वर्षाचं वेळापत्रक आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यावरच बेतलेलं आहे. आपण त्यात फार ढवळाढवळ केली नाही, तर ती वर्षानुवर्षं टिकते.

सुरुवात करण्याआधी एक समज काढून टाकू. झाडावर राहते म्हणजे झाडाचं रक्त शोषते, असं मानून बागायतदार फांदीवरच्या आमरी बांडगुळाबरोबर कोयत्यानं उतरवून टाकतात. बांडगूळ खरोखर फांदीत शिरतं, आपले अवयव सालीखाली घुसवून झाडाचं पाणी आणि खनिजं घेतं, आणि पुढची फांदी वाळवतं. आमरी तसं काहीच करत नाही. तिची मुळं सालीला वरून फक्त चिकटलेली असतात. पाणी पावसाचं आणि हवेतल्या ओलाव्याचं, खत सालीवरून ओघळणाऱ्या धुळीचं आणि कुजलेल्या पानांचं. झाडाकडून तिला हवा असतो तो आधार आणि सावली. तुमच्याच बागेत बांडगूळ काढायला माणूस लावला असेल, तर आधी त्याला बरोबर घेऊन हिंडा आणि हात कुठे लावायचा नाही ते दाखवा. जाडजूड, पन्हळीसारखी दुमडलेली पट्ट्यांची पानं आणि बोटाएवढी जाड पांढुरकी मुळं दिसली की ती आमरी.

रोप आणायचं कुठून

जंगलातून नाही. हे आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं चुकलं तर सुधारता येतं, हे नाही.

आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात रोपाला पोसणारा साठा जवळजवळ नसतो. रानात ते रुजायला एक विशिष्ट बुरशी भेटावी लागते. एका बोंडात लाखो बिया असल्या तरी त्यातली फारच थोडी सालीवर टिकतात, आणि टिकलेल्या रोपाला फुलायला वर्षं लागतात. म्हणून फांदीवरून ओरबाडलेलं एक मोठं रोप भरून यायला फार मोठा काळ जातो. शिवाय राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून रोप काढणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 या कायद्यांखाली गुन्हा आहे. देवराईतल्या आमरींना हात लावू नका, हे वेगळं सांगायला नको.

मग रोपवाटिकेतली रोपं येतात कुठून? प्रयोगशाळेत, बाटलीतून. 1922 साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर आणि खनिजं घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, बुरशीशिवाय आमरीचं बी रुजवून दाखवलं. जगभरातला आजचा ऑर्किडचा व्यवसाय त्या शोधावर उभा आहे. आपल्या देशातही देशी आमरींची अशी रोपं तयार करणाऱ्या रोपवाटिका आहेत, ईशान्येकडे आणि केरळात विशेष. घरपोच रोपंही मिळतात.

खरेदी करताना शास्त्रीय नाव सांगा: ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा. आपल्याकडची स्थानिक नावं गावागणिक बदलतात आणि वेगळीच आमरी हातात पडू शकते. बाटलीतून नुकतंच काढलेलं बोटभर रोप स्वस्त मिळतं, पण नवख्यानं ते घेऊ नये. ते नाजूक असतं आणि फुलायला तीन ते पाच वर्षं घेतं. पाच-सहा जोड पानांचं, फुलण्याच्या वयाचं रोप घ्या. पानांकडे नंतर बघा, आधी मुळं बघा. निदान चार-पाच मुळं टणक हवीत, आणि एक-दोघांची टोकं हिरवी किंवा तांबूस, चमकदार हवीत. दाबल्यावर पिचणारं, पोकळ मूळ मेलेलं असतं.

रस्त्याकडेला किंवा आठवडी बाजारात कोणी आमरी विकत असेल, तर तिथेही मुळंच न्याहाळा. तुटलेली, सालीचे तुकडे आणि दगडफूल चिकटलेली मुळं, किड्यांनी खाल्लेली जुनी पानं, प्रत्येक रोप वेगळ्या मापाचं, असं दिसलं तर ती रानातून ओरबाडलेली आहेत. दया येऊन विकत घेतलंत तरी उद्या तो माणूस पुन्हा त्याच झाडावर चढणार. स्वतःच्या बागेतली फांदी वादळात मोडून पडली आणि तिच्यावर आमरी असेल, तर गोष्ट वेगळी. ती उचला आणि त्याच झाडावर दुसरीकडे बांधा. जमिनीवर पडलेली आमरी पावसाळ्यात कुजते.

परदेशी राहणाऱ्या भावंडांसाठी सुटकेसमध्ये रोप देण्याचा विचार असेल तर थांबा. आमरीचं सगळं कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय ती सीमेपार नेता येत नाही.

कोणत्या झाडावर, कोणत्या बाजूला

अंगणात झाड असेल तर कुंडीच्या भानगडीत पडूच नका. आंबा सगळ्यांत चांगला. फणस, जांभूळ, चिंच, ऐन हेही उत्तम. ऐनाच्या भेगाळ सालीत तर मुळं सुरेख बसतात. साल सोलून टाकणारी झाडं नकोत, म्हणजे पेरू, निलगिरी, अर्जुन. सालीबरोबर रोपही खाली येतं. नारळाच्या खोडावर आमरी जगते, पण झावळ्या आणि नारळ पडून मोडते.

जागा अशी निवडा की सकाळचं कोवळं ऊन थेट पडेल आणि दुपारचं पानांतून गाळून येईल. खोडाची पूर्वेकडची बाजू बहुतेक ठिकाणी बरोबर ठरते. उंची आपल्या डोक्याच्या थोडी वर, म्हणजे पाणी मारता येतं, रोज नजर पडते आणि घोस लोंबायला जागा राहते. पन्हाळीचं पाणी कोसळतं त्या बाजूला बांधू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्वेची बाल्कनी वापरावी. पश्चिमेचीच असेल तर 50 टक्क्यांचं शेडनेट लावा. उत्तरेकडच्या अंधाऱ्या बाल्कनीत रोप जगतं, फुलत नाही. बंद खोलीत, एसीच्या झोतात ठेवायचं असेल तर ही आमरी घेऊ नका.

तुम्ही विदर्भात किंवा मराठवाड्यात असाल तर माझा सल्ला थोडा वेगळा आहे. एप्रिल-मेमधली कोरडी, भाजणारी हवा सीतेच्या वेणीला सोसत नाही असं नाही, पण दिवसातून दोनदा पाणी आणि आजूबाजूला इतर झाडांचा ओलावा द्यावा लागतो. ते जमणार नसेल तर रास्ना, म्हणजे व्हँडा टेसेलाटा, लावा. ती मैदानी मुलखातलीच आहे, कोरडेपणा अधिक सोसते, आणि खाली दिलेली बांधण्याची रीत तिलाही लागू पडते.

बांधणी

वेळ फार महत्त्वाची. वळवाच्या सरी सुरू झाल्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण तेव्हा नवी मुळं फुटत असतात आणि नव्या मुळांनाच सालीला चिकटण्याची ताकद असते. जुनं मूळ एकदा सुटलं की पुन्हा घट्ट धरत नाही. डिसेंबरात आणलेलं रोप घाईनं खोडावर बांधू नका. आहे त्या टोपलीत सावलीला ठेवा आणि उन्हाळा संपू द्या.

रोप आलं की जुनी मेलेली मुळं धारदार कात्रीनं कापा. कात्रीची पाती आधी ज्योतीवर धरून घ्या. जिवंत मुळं कितीही वेडीवाकडी असली तरी कापायची नाहीत. मग मुळं अर्धा तास साध्या पाण्यात बुडवा, म्हणजे ती लवचीक होतात आणि वळवताना तुटत नाहीत.

आता रोप खोडाला टेकवा. शेंडा थोडा बाहेर कललेला हवा, सरळ आभाळाकडे उभा नको. उभ्या रोपाच्या मध्यभागी, जिथून नवं पान निघतं तिथे, पाणी साचतं आणि पावसाळ्यात शेंडा कुजतो. ही आमरी एकाच शेंड्यानं वाढते. तो गेला की वाढ थांबते. नशीब असेल तर बुंध्यातून पिल्लू फुटतं, नाही तर रोप गेलं.

बांधायला जुन्या सुती कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या किंवा सुतळी घ्या. पट्टी बुंध्याच्या खालच्या भागावरून आणि जाड मुळांवरून न्या, पानांच्या बेचक्यातून नको. रोप अजिबात हलता कामा नये. हलणाऱ्या रोपाची कोवळी टोकं सालीवर घासून मरतात, आणि बांधलेलं रोप न रुजण्याचं हे मी पाहिलेलं सर्वांत नेहमीचं कारण आहे. तांब्याची तार अजिबात वापरू नका, तांबं आमरीच्या मुळांना विषारी आहे. मुळं आणि साल यांच्यामध्ये नारळाच्या काथ्याची बोटभर चपटी वीण ठेवली तर पहिले काही आठवडे ओल टिकते. जाड गादी करू नका. पट्ट्या सोडायची घाई नको. वर्षभरात सुत कुजून जातं, तोवर मुळांनी झाड धरलेलं असतं.

बाल्कनीसाठी हीच बांधणी आंब्याच्या किंवा सागाच्या ओंडक्यावर करा. फूटभर ते दीड फूट लांबीचा, साल असलेला तुकडा पुरतो. टोपलीच हवी असेल तर लाकडी पट्ट्यांची, चहूबाजूंनी उघडी घ्या आणि तीत लोणारी कोळसा व फुटक्या कौलांचे मोठे तुकडे भरा. माती, शेणखत, कोकोपीट यांतलं काहीही नको. नारळाचं सोडण वापरायचं असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातले क्षार काढा. कोकणातल्या पावसात ते लवकर कुजतं, तिथे नुसता कोळसा आणि कौल बरं.

पाणी: मुळं वाचायला शिका

इथे थोडा वेळ थांबते, कारण आमरी मरते ती पाण्यानं. कमी पाण्यानं क्वचित, जास्त पाण्यानं नेहमी.

मुळावर एक जाड, पांढरं, मृत पेशींचं आवरण असतं. ते टीपकागदासारखं पाणी पटकन शोषतं आणि हळूहळू आतल्या जिवंत भागाला देतं. कोरडं असताना हे आवरण चंदेरी-पांढरं दिसतं. भिजलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो. म्हणजे बोट घालून माती तपासायची गरज नाही, रोप स्वतःच सांगतं. मुळं हिरवी आहेत तोवर पाणी द्यायचं नाही. पांढरी झाली की द्यायचं, आणि सगळ्या मुळांचा रंग बदलेपर्यंत द्यायचं. एकदा फवारून पुढे गेलं की आवरण वरवर ओलं होतं. पाच मिनिटांनी परत येऊन दुसऱ्यांदा फवारलं की मूळ खरोखर भिजतं.

पाणी सकाळी द्या. संध्याकाळपर्यंत पानांचे बेचके आणि शेंडा कोरडे हवेत. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट उन्हाळ्यात रोज सकाळी एकदा पुरतं. पुण्या-नाशकाच्या कोरड्या उन्हाळ्यात ओंडक्यावरच्या रोपाला सकाळी आणि दुपार टळल्यावर असं दोनदा लागतं. टोपलीतलं रोप थोडं जास्त वेळ ओलं राहतं, त्याला त्या मानानं कमी.

पावसाळ्यात उघड्यावरच्या रोपाला तुम्ही काहीही द्यायचं नाही. आठ-आठ दिवस संततधार असते आणि मुळं हिरवीच्या हिरवी राहतात, मग नियम कुठे गेला, असं विचारतील कोणी. खोडावरच्या मुळांभोवती सतत वारा खेळतो, म्हणून ती पावसात कुजत नाहीत. टोपलीत दाबून भरलेल्या काथ्यात तोच पाऊस जीवघेणा ठरतो. रोपाला पाणी सोसतं, कोंडलेलं पाणी सोसत नाही.

नोव्हेंबरपासून हात आखडता घ्या. ओंडक्यावरच्या रोपाला एक दिवसाआड, टोपलीतल्याला दोन-तीन दिवसांनी. या महिन्यांत रोप थांबलेलं दिसतं, मुळांची हिरवी टोकं पांढऱ्या आवरणाखाली झाकली जातात. घाबरून खत-पाणी वाढवू नका. ही कोरडी, उजेडाची विश्रांती मिळाली नाही, तर पुढे पानं भरपूर येतात आणि फुलं रुसतात. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या गावी पारा 10 अंशांखाली जातो, त्या रात्रींपुरता ओंडका आडोशाला घ्या.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर मुळांवर पांढरा खरखरीत थर बसतो आणि टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी काटकसर म्हणून अनेक जण झाडांना घालतात. आमरीला ते अजिबात नको, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात.

ऊन आणि खत

उन्हाचा अंदाज पानावरून घ्या. पान किंचित पिवळसर, पोपटी हिरवं असेल तर बरोबर. गर्द काळपट हिरवं म्हणजे सावली जास्त. पिवळं पडून त्यावर कोरडे तपकिरी डाग म्हणजे ऊन भाजलंय. सावलीतून उन्हात नेताना एकदम नेऊ नका, दोन-तीन आठवडे टप्प्याटप्प्यानं सरकवा.

झाडावर नीट रुजलेल्या आमरीला मी खत देत नाही, आणि ती फुलते. ओंडक्यावरच्या किंवा टोपलीतल्या रोपाला मात्र द्यावं लागतं. कृषी सेवा केंद्रात मिळणारं, ठिबकमधून देतात ते 19:19:19 विद्राव्य खत पुरतं. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नाही. मार्च ते ऑक्टोबर दर दहा-पंधरा दिवसांनी, आधी मुळं साध्या पाण्यानं भिजवून मग फवारा. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं भरपूर धुऊन काढा. हिवाळ्यात बंद.

गोगलगाई, कुज आणि पांढरी कीड

पावसाळ्यातला खरा शत्रू गोगलगाय. ती रात्री येते आणि नेमकी मुळांची कोवळी हिरवी टोकं खाते. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारा आणि हातानं वेचा, याहून चांगला उपाय नाही. पावसात मीठ किंवा चुना टाकायला जाऊ नका, वाहत आलेलं मीठ मुळांना जाळतं.

शेंड्यातलं पान सहज ओढून हातात आलं आणि त्याचं बूड काळं, पाणचट, वासाचं असेल तर ती कुज आहे. रोप ताबडतोब पावसातून आत घ्या, निर्जंतुक पात्यानं निरोगी हिरवा भाग दिसेपर्यंत कापा आणि कापावर दालचिनीची पूड दाबा. पूड मुळांवर सांडू देऊ नका, ती मुळं सुकवते. मग आठवडाभर पाणी बंद.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी खपल्या दिसल्या तर खवले कीड. मुंग्यांची रांग ही दोन्हींची पहिली खूण. थोड्याच असतील तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसा. पसरल्या असतील तर लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. भर उन्हात तेल मारलं तर पान भाजतं.

फुलोरा आणि त्यानंतर

एप्रिलच्या सुमारास पानांच्या बेचक्यातून एक जाड, हिरवट टोक निघतं. नवख्याला ते मूळ आहे की फुलोरा हे कळत नाही. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. फुलोऱ्यावर लवकरच कळ्यांच्या बारीक गाठी दिसायला लागतात. कळ्या दिसल्या की ओंडक्याची दिशा बदलू नका, नाही तर घोस पिळवटतो. या काळात मुळं फार वेळ कोरडी राहू देऊ नका, आणि फुलांवर पाणी मारू नका. घोस दोन-तीन आठवडे टिकतो. मंद वास सकाळी जाणवतो.

बांधणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात फूल आलं नाही तर काही बिघडलेलं नसतं. रोप आधी मुळं पसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही नुसती पानंच येत असतील, तर मात्र आधी जागा तपासा, खत नंतर. दहापैकी नऊ वेळा उजेड कमी असतो.

फुलं सुकल्यावर काही ठिकाणी हिरवी बोंडं धरतात. बोंड पिकायला कित्येक महिने लागतात आणि तेवढा काळ रोप आपली शिदोरी त्यात ओतत राहतं. रोप लहान किंवा अशक्त असेल तर सुकलेला दांडा बुडापासून कापा. झाडावरचं जुनं, सशक्त रोप असेल तर एखादं बोंड राहू द्या. तडकलेल्या बोंडातली धूळ वाऱ्यावर शेजारच्या आंब्यावर जाऊन बसते. योग्य बुरशी भेटली, तर त्या सालीच्या भेगेत काही वर्षांनी दोन बारकी पानं दिसू शकतात.

बुंध्यापाशी पिल्लू फुटलं की ते वेगळं करून मैत्रिणीला द्यावंसं वाटतं. त्याला स्वतःची तीन-चार मुळं फुटेपर्यंत थांबा, आणि तोडायचंच असेल तर पुन्हा तो जूनचाच मुहूर्त धरा. मी तर म्हणेन की पहिलं पिल्लू आईजवळच ठेवा. एकाच बुडातून दोन-तीन शेंडे वाढले की त्या सगळ्यांना मिळून एकाच वेळी घोस येतात.